हुडव्यापासून बॉयलरपर्यंत : आपल्या पट्ट्यातल्या जळणाची गोष्ट



सुगी संपली की हल्ली आपल्या खेड-मावळात एक नवा गिऱ्हाईक फिरताना दिसतो. त्याला धान्याच्या भावाशी देणंघेणं नसतं. सोयाबीनचं भुसकट किती आहे, तुराट्या पडल्यात का, दाणे काढलेली मक्याची कणसं कुठं टाकता, उसाचं पाचट गोळा करून देता का, असं विचारतो. हा माल दळून, दाबून त्याच्या कांड्या होतात. त्यांना ब्रिकेट म्हणतात, धंद्यातली माणसं पांढरा कोळसा म्हणतात. ज्या कारखान्यांना वाफ लागते तिथल्या बॉयलरमध्ये त्या जळतात. म्हणजे आपल्या रानातला पालापाचोळा एमआयडीसीत जाऊन उष्णता बनतो.

पैसे मिळतात, रान मोकळं होतं, काडी पेटवून धूर करण्यापेक्षा बरं, असं बऱ्याच जणांना वाटतं. त्यात तथ्य आहे. पण शेण आणि शेतातला कचरा जाळून उष्णता काढणं हे आपल्याला नवं नाही. हा व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालत आलाय आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न मागं राहिलाय : उष्णता मिळाली, पण रानाला परत काय गेलं? म्हणून आज थोडा इतिहास लिहितो. शेवटी हिशोबही मांडतो.

चुलीतलं जळण

गॅस यायच्या आधी आपल्या भागात घरातल्या जळणाचे दोन प्रकार. सरपण आणि गवऱ्या. डोंगराच्या कडेला, म्हणजे मावळात आणि खेडच्या पश्चिम पट्टीत, सरपण जास्त. चाकणच्या पूर्वेला सपाटीला जसजसं जावं तसतशी झाडं कमी आणि गवऱ्यांवर भिस्त जास्त. कुणी गवरी म्हणतं, कुणी शेणी, कुणी गोवरी. जनावर चरताना रानात पडलेलं शेण जागेवरच वाळलं की ती रानशेणी. ती हलकी आणि लवकर पेटणारी. गोठ्यातलं शेण भुसकट मिसळून हातानं थापलं की ती घरची गवरी.

दिवाळीनंतर ऊन कडक झालं की थापायचं काम सुरू व्हायचं. वाळलेल्या गवऱ्या पावसाळ्यासाठी रचून ठेवायच्या, वरून शेणाचा गिलावा द्यायचा, वर काड किंवा पाचट घालायचं. हा रचलेला ढीग म्हणजे हुडवा. घरात चार महिन्यांची बेगमी किती आहे हे कणगीइतकंच हुडव्यावरून कळायचं. हे सगळं काम बायकांचं. शेण गोळा करणं, कालवणं, थापणं, उलथणं, रचणं आणि मग त्याच जळणापुढं धुरात बसून स्वयंपाक करणं. शेतीच्या इतिहासात या कामाची नोंद कुठं फारशी सापडत नाही, पण घरातली सगळी उष्णता या मजुरीवर उभी होती.

गवरीचा गुण म्हणजे सावकाश आणि एकसारखं जळणं. भडका नाही, पण निखारा टिकतो. दूध तापत ठेवायचं, डाळ शिजत ठेवायची तर गवरीच बरी. रात्री विस्तव राखेत झाकून ठेवला तर सकाळी पुन्हा फुंकून पेटवता यायचा. राखेचाही उपयोग होताच. भांडी घासायला, दात घासायला, कडधान्याच्या बियाण्याला कीड लागू नये म्हणून चोळायला. उरलेली राख उकिरड्यावर आणि तिथून रानात. गोवऱ्या मसणात गेल्या हा वाक्प्रचार आपण अजून वापरतो, कारण माणसाच्या शेवटच्या आगीलाही गवरीच लागायची. अजूनही लागते.

चुलीबाहेरची आग

गवरी फक्त स्वयंपाकाला होती असं समजू नका. गावगाड्यातले बरेच उद्योग याच उष्णतेवर चालायचे.

कुंभाराचा आवा घ्या. कच्ची मडकी, त्यांच्यामध्ये गवऱ्या, लीद, भुसकट, आणि वरून राखेचा थर. आग आतल्या आत हळूहळू चढली पाहिजे, एकदम भडकली तर मडकी तडकतात. ते काम शेणाच्या सावकाश आगीनंच नीट व्हायचं.

दुसरं काम गाडीच्या चाकाचं. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायची असते. धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात. ती जमिनीवर आडवी ठेवून तिच्याभोवती गवऱ्यांचं कडं रचायचं आणि पेटवायचं. सगळ्या बाजूंनी सारखी तापली की ती फुगते. मग चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी मारायचं. लोखंड आकसतं आणि चाक असं आवळतं की आरे हलत नाहीत. धाव एका बाजूला जास्त तापून चालत नाही, म्हणून इथंही गवरी. आज हा पट्टा देशभर गाड्या पुरवतो, पण त्याआधी इथली चाकं शेणाच्या आगीवर आवळली जात होती, हे माहीत असावं.

तिसरी आग थेट शेतातली. मावळातल्या भातकऱ्यांना राब सांगायला नको, पण सपाटीवरच्या मंडळींसाठी सांगतो. भाताचं रोप जिथं करायचं त्या दाढीवर शेणाचा थर, त्यावर झाडाची तोडलेली कवळं, मग गवत-पालापाचोळा, आणि वर बारीक माती. उन्हाळ्याच्या शेवटी वाऱ्याचा अंदाज घेऊन हे सगळं धिम्या आगीनं भाजायचं. पाऊस पडला की त्यात बी फेकायचं.

एकोणिसाव्या शतकात जंगलखात्याला हा राब खटकायचा. १८७८ चा जंगल कायदा आला, राखीव जंगलं ठरली आणि कवळ तोडण्यावरून ठाणे, कुलाबा आणि घाटमाथ्यावर शेतकरी विरुद्ध सरकार असा मोठा वाद झाला. सरकारी बाजू म्हणे, हा अडाणीपणा आहे, शेण आणि पाला कुजवून घाला. शेतकरी म्हणे, भाजल्याशिवाय रोप येत नाही.

हा वाद पुण्याच्या शेतकी कॉलेजनं तपासला. हेरॉल्ड मान १९०७ पासून तिथले प्राचार्य. त्यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर राबपद्धतीचा अभ्यास केला आणि तो १९१२ साली छापून आला. साधारण त्याच काळात, १९०९ साली, इंग्लंडमधल्या रोदॅमस्टेड केंद्रात रसेल आणि हचिन्सन यांनी तापवलेल्या मातीत पिकाला मिळणारं अन्न वाढतं हे दाखवलं होतं. राबात काय होतं ते आज आपण असं सांगू शकतो : वरच्या थरातलं तणाचं बी मरतं, मातीतल्या सेंद्रिय भागातलं काही नत्र रोपाला लगेच मिळेल अशा रूपात येतं, राखेतून पालाश-स्फुरद मिळतं आणि जमीन भुसभुशीत झाल्यानं रोप मुळासकट अलगद उपटतं. म्हणजे शेतकरी अडाणी नव्हता. पण एका गुंठ्याच्या दाढीसाठी किती झाडांची कवळं उतरतात आणि किती शेण जातं, हा प्रश्नही खोटा नव्हता. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली इंद्रायणी भात आला, युरिया-डीएपी आले, सुधारित रोपवाटिका आल्या, तसा राब कमी होत गेला. तरी काही वाड्यांवर अजून भाजतात.

एका साहेबाचा निवाडा

शेण जाळण्यावर सगळ्यात महत्त्वाचं लिखाण झालं ते १८९० च्या दशकात. जॉन ऑगस्टस व्होल्कर नावाचे इंग्लंडच्या रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ १८८९ च्या अखेरीस हिंदुस्थानात आले. वर्षभर देश फिरले, पुण्या-मुंबईकडची शेतीही पाहिली. त्यांचा अहवाल १८९३ साली निघाला. तो वाचला तर आजही उपयोगी आहे.

त्या काळात साहेब लोकांचा ठरलेला सूर असा की, हिंदी रयत इतकी अडाणी की खत चुलीत घालते. व्होल्करांनी हे मान्य केलं नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : जिथं सरपण मिळतं तिथं शेतकरी शेण जाळत नाही, शेतात घालतो. जिथं सरपण नाही तिथं दुसरा इलाज नाही म्हणून जाळतो. तेव्हा शेण वाचवायचं असेल तर उपदेश करू नका, जळण द्या. गावोगाव जळण आणि वैरणीची राखीव राने करा, अशी शिफारस त्यांनी केली. पुढं १८९४ च्या जंगल धोरणामागं हा अहवाल होता.

रसायनाच्या बाजूनं त्यांचा मुद्दा साधा होता. शेण जाळलं की राखेत पालाश, चुना, स्फुरद उरतं. नत्र धुराबरोबर जातं. आणि ज्याला आज आपण सेंद्रिय कर्ब म्हणतो, तोही सगळा जातो. राख रानात टाकली म्हणजे खत टाकलं असं होत नाही, निम्मंअर्धं टाकलं असं होतं.

आता आपल्या पट्ट्यात जळणाची टंचाई का झाली ते बघा. १८५८ साली खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली आणि १८६३ साली बोरघाट ओलांडून मुंबईला जोडली गेली. लाकडाला मोठा बाजार जवळ आला. खडकीला लष्कर, १८६९ साली दारूगोळा कारखाना. त्यात जंगलावर कायद्यानं कुंपण पडलं. सपाटीवरच्या गावाला मग उरतं काय? बांधावरची बाभळ आणि गोठ्यातलं शेण.

याच मान साहेबांनी पुढं पुण्याजवळच्या एका गावाचा घरोघरी जाऊन अभ्यास केला आणि १९१७ साली 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज' हे पुस्तक काढलं. ते गाव म्हणजे पिंपळे सौदागर. होय, आज जिथं वीस-वीस मजली इमारती आहेत तेच. त्यांनी जुनी दप्तरं काढून दाखवलं की १७७१ च्या सुमारास त्या गावात एका खातेदाराकडं सरासरी ४० एकर जमीन होती, १८१८ च्या सुमारास साडेसतरा एकर, आणि १९१४-१५ ला अवघी ७ एकर. बरेच गडी तेव्हाच खडकीच्या कारखान्यात मजुरीला जात होते. म्हणजे शेती सोडून कारखान्याकडं वळणं हे आपल्या पट्ट्यात टेल्को-बजाजपासून सुरू झालं असं नाही, शंभर वर्षं जुनं आहे.

माझ्या मते तुकडे पडण्याचा जळणाशी थेट संबंध आहे. वाटण्या झाल्या की बांध वाढतात, पण बांधावरचं झाड दोघांच्या वादात जातं. पडीक रान नांगराखाली येतं. चराई कमी होते, रानशेणी मिळत नाही. मग गोठ्यातलं शेणच चुलीत आणि रानाला फक्त उरलंसुरलं. १९२८ साली शाही शेती आयोगाचा मोठा अहवाल आला, त्यातही शेण जाळण्याचा प्रश्न पुन्हा आला. व्होल्करांनंतर पस्तीस वर्षांनी हुडवे जिथल्या तिथं होते.

जाळायचं, पण शेण नाही : देहूची वाट

यावर एक उत्तर निघालं : शेणातून आधी गॅस काढा, तो जाळा आणि उरलेली मळी रानात घाला. मुंबईला माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मैल्यापासून गॅस काढून वापरला गेला होता. शेणाच्या गॅसचे पद्धतशीर प्रयोग दिल्लीच्या शेती संशोधन संस्थेत १९३० च्या दशकाच्या अखेरीस झाले. जशभाई पटेल यांनी १९५० च्या दशकात तरंगत्या टाकीचं मॉडेल आणलं आणि खादी ग्रामोद्योग आयोगानं १९६० च्या दशकात ते गावोगाव नेलं. १९७८ ला सिमेंटच्या घुमटाचं जनता आणि १९८४ ला दीनबंधू मॉडेल आलं. १९८१-८२ पासून केंद्राची राष्ट्रीय योजना, अनुदान, आणि आपल्याकडं घराघरात गोबर गॅस हा शब्द.

यातलं एक काम आपल्या अंगणातलं आहे. डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर १९६० च्या सुमारास देहूच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आले. येणारे रोगी पोटाच्या विकारांचे, जंतांचे. मूळ कारण उघड्यावरचा मैला. कोकणात कणकवलीला अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरी आश्रमात संडासाचं खत करण्याचं काम उभं केलं होतं, त्यांच्याकडून मापुसकरांनी धडे घेतले. पुढं त्यांनी संडासाला जोडलेले गॅस संयंत्र केले. त्यांच्या पद्धतीचं नाव मलप्रभा. ज्या वस्तूला हात लावायला लोक तयार नव्हते तिच्यावर देहूत चुली पेटल्या आणि खत रानाला गेलं. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. इंद्रायणीच्या काठी राहणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यानं हे नाव लक्षात ठेवायला हवं.

मग गोबर गॅस मागं का पडला? लोखंडी टाक्या गंजल्या, दुरुस्ती करणारा मिळेना, घरं वेगळी झाली, बैल गेले. रोज पंचवीस किलो शेण कालवायला माणूस हवा, तो सकाळी पहिल्या पाळीला भोसरीत. आणि दारात सिलिंडर आला. उज्ज्वला योजना २०१६ ची, पण आपल्या पट्ट्यात गॅस त्याच्या खूप आधी पोचला होता. १९९७ साली तळवडे, चिखली, मोशी, चऱ्होली अशी गावं पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेली, तिथले गोठेच उठले. हुडवे दिसेनासे झाले. गवरी गेली याचं मला दुःख नाही. त्या धुरात आपल्या आया-आज्यांचे डोळे आणि छात्या गेल्या. पण गवरी गेल्यावर वाचलेलं शेण रानात जायला हवं होतं. ते गेलं नाही, कारण जनावरंच गेली.

बॉयलर कुठून आला

इकडं चुली बदलत असताना शेजारी दुसरी आग पेटत होती. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढच्या दहा वर्षांत भोसरी, चिंचवड, आकुर्डी भरून गेलं. २००० च्या आगेमागे चाकण. औषध असो, रंग असो, खाद्यपदार्थ असो, बऱ्याच कारखान्यांना वाफ किंवा गरम तेल लागतं. त्यासाठी कोळसा किंवा फर्नेस ऑइल.

याच वेळी चिंचवडला एक कंपनी बॉयलर बनवत होती. १९६६ साली वॅन्सन इंडिया या नावानं सुरू झाली, १९८० ला तिचं नाव थरमॅक्स झालं. १९७३ साली कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाला. तेल महाग झालं तसं देशभरच्या कारखानदारांना भाताचं तूस, शेंगांची टरफलं, चिपाड, लाकडाचा भुसा आठवला. असलं जळण घेणारे बॉयलर बनवण्यात आपल्या पट्ट्यातल्या कारखान्यांनी नाव कमावलं. देशात कुठंही भाताच्या तुसावर वाफ होत असेल तर त्या बॉयलरचा कारागीर चिंचवडचा असण्याची शक्यता बरीच.

साखर कारखाने तर पहिल्यापासून स्वतःच्या चिपाडावर चालतात. एक टन उसामागं साधारण २८० ते ३०० किलो बगॅस निघतं, त्यात निम्मं पाणी असतं, तरी त्यावर कारखाना चालून वर वीज विकता येते. आपला ऊस कासारसाईच्या संत तुकाराम कारखान्याला जावो नाहीतर पारगावच्या भीमाशंकरला, त्याचं चिपाड शेवटी आगीतच जातं. त्याआधी गुऱ्हाळाच्या चुलाण्यातही तेच जळत होतं.

पाचटाचं मात्र तसं नाही. ते हलकं, फुगीर, वाहतुकीला परवडत नाही. शिवाय त्यातल्या पालाश आणि वाळूसारख्या सिलिकामुळं भट्टीत राख वितळून गोळे धरतात, बॉयलरवाले त्याला क्लिंकर म्हणतात. या पाचटावर आपल्याच भागात डोकं लावलं गेलं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पाचट आणि बगॅसवर चालणारा, कारखान्याला उष्णता देणारा गॅसिफायर केला. पुण्याच्या आरती संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी पाचटाचा कोळसा आणि त्याच्या कांड्या करण्याची पद्धत बसवली, तिला २००२ साली लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला.

आता सरकारी जोरही आलाय. २०१८ ला सतत आणि गोबरधन या योजना, २०२१ च्या धोरणानं औष्णिक वीज केंद्रांना कोळशात ५ टक्के शेतकचऱ्याच्या गोळ्या मिसळायचं बंधन. म्हणजे आपल्या कचऱ्याला गिऱ्हाईक वाढणार हे नक्की. म्हणूनच हिशोब आत्ता करायचा.

हिशोब

आधी शेणाचा. पंचवीस किलो ओलं शेण घ्या, दोन-तीन जनावरांचं एका दिवसाचं. ते थापून वाळवलं तर साधारण ५ किलो गवऱ्या होतात. तेच संयंत्रात घातलं तर सुमारे १ घनमीटर गॅस. खादी आयोगाच्या जुन्या कोष्टकाप्रमाणे १ घनमीटर गॅस म्हणजे सव्वाबारा किलो गवऱ्यांइतका स्वयंपाक. म्हणजे त्याच शेणातून दुपटीहून जास्त काम, आणि मळी शिल्लक. कारण चुलीत गवरीची उष्णता दहा टक्क्यांच्या आसपासच भांड्याला लागते, गॅसच्या शेगडीवर निम्म्याहून जास्त. एका १४.२ किलोच्या सिलिंडरचं काम करायला चुलीत ३०० ते ४०० किलो गवऱ्या, म्हणजे दीड ते दोन टन ओलं शेण लागेल.

खताच्या बाजूनं बघू. रोजचं २५ किलो म्हणजे वर्षाला सुमारे ९ टन. त्यात ०.३ टक्के नत्र धरलं तर २७ किलो, म्हणजे साठ किलोच्या आसपास युरिया. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, म्हणजे साडेतीनशे रुपयांचं नत्र. इथंच आपण फसतो. एवढ्याशा पैशासाठी कोण शेण राखणार? पण खरा तोटा नत्राचा नाही, कर्बाचा आहे. युरियाच्या गोणीत रानात थांबणारा सेंद्रिय कर्ब नसतो. माती परीक्षणाच्या कार्डावर ०.५ टक्क्याच्या खाली आकडा आला तर जमीन कमी कर्बाची, आणि तो आकडा गोणीनं वर येत नाही.

आता पाचट. हेक्टरी ८ ते १० टन निघतं. त्यात साधारण ०.५ टक्के नत्र, ०.२ टक्के स्फुरद, ०.७ ते १ टक्का पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब. म्हणजे प्रत्येक टनामागं ५ किलो नत्र, २ किलो स्फुरद, ७ ते १० किलो पालाश. आज दुकानात या तिन्हींचा जो भाव असेल त्यानं गुणून बघा आणि व्यापारी टनाला काय देतो ते शेजारी लिहा. बऱ्याचदा फरक इतका कमी निघतो की वाहतूक धरली तर विकणं आतबट्ट्याचं. वर पाचटाखालची ओल आणि तणाचा बंदोबस्त फुकट. कुजवायचं तर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक, ही कृषी खात्याची जुनी शिफारस आहे.

मग काय विकायचं, काय ठेवायचं

मी असा नियम लावतो. शेतीच्या जाणकारांनी चुकत असेल तिथं दुरुस्त करावं.

एक. जे एका हंगामात कुजतं ते रानाचं. पाचट, सोयाबीनचं भुसकट, काड, पाला. हे पेटवायचंही नाही आणि सहसा विकायचंही नाही. वैरणीला लागत असेल तर पहिला हक्क जनावराचा.

दोन. जे लाकडासारखं आहे आणि रानात वर्षभर आडवं येतं ते जाळायला हरकत नाही. तुराट्या, पऱ्हाट्या, बाभळीची छाटणी. घरात वापरा नाहीतर विका.

तीन. जे आधीच गिरणीत-कारखान्यात जाऊन पडतं, म्हणजे तूस, टरफलं, चिपाड, ते बॉयलरमध्ये जाणं ठीकच आहे. पण राख परत मागा. चिपाडाच्या राखेत पालाश असतं. तुसाच्या राखेत बहुतेक सिलिका, तिच्याकडून खताची फार अपेक्षा नको. मात्र दगडी कोळशाबरोबर जळलेली राख रानात घेऊ नका, त्यात जड धातू असू शकतात.

चार. शेण सरळ जाळायचं नाही. हल्ली यंत्रानं शेणाचे ओंडके करतात, गोकाष्ठ म्हणतात. होळीला, अंत्यविधीला लाकूड वाचतं हे खरं, पण जिथं रानाला शेणखत मिळत नाही तिथं ते परवडणारं नाही. मोठ्या गॅस प्रकल्पाला शेण किंवा पाचट देत असाल तर करारात भावाबरोबर मळीचा वाटाही लिहून घ्या. २०२३ साली अशा प्रकल्पांच्या खताला केंद्रानं टनाला १५०० रुपयांचं सहाय्यही मंजूर केलं होतं, तेव्हा मळीला किंमत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

व्होल्कर साहेबांनी सांगितलेलं एक वाक्य आजही लागू पडतं असं मला वाटतं, फक्त उलट्या बाजूनं. तेव्हा शेतकरी खत जाळत होता कारण त्याच्याकडं दुसरं जळण नव्हतं. आज आपल्याकडं घरात जळण आहे, आणि जळणाची गरज कारखान्याची आहे. तेव्हा नाइलाज होता. आज व्यवहार आहे, आणि व्यवहारात नाही म्हणता येतं किंवा अटी घालता येतात.

पुढच्या आठवड्यात ऊस तुटल्यावर तो पाचटवाला येईल. त्याला हो म्हणायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं. फक्त माती परीक्षणाचं कार्ड हातात घेऊन ठरवा, एवढंच सांगणं.

तुमच्याकडं हुडव्याला काय म्हणतात आणि तुमच्या वाडीवर शेवटचा राब कधी भाजला, तेही जरूर कळवा. जुन्या माणसांना विचारून लिहा, ती माहिती आता फार थोड्या जणांकडं उरलीय.